टॉवेल वाळवायची खोली

जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की पाऊस बदलतो. बेळगावात छत्री पुरते. तिथं आषाढात छत्री नुसती हातात असते. मलप्रभेचा उगम याच पट्ट्यातला. तिथं एका निसर्गनिवासाचा आराखडा मी केला, तेव्हा पहिलं लक्ष छपराकडं जाणारच. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, ३० अंशांपेक्षा जास्त उताराचं मंगळुरी कौल, ४ फूट बाहेर काढलेली वळचण, पश्चिमेला रुंद पडवी, असं सगळं केलं. मालकांना आधी नदीकाठ हवा होता. पण २०१९ च्या ऑगस्टमधला पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला, त्यामुळं टेकाडावर यायला फार समजवावं लागलं नाही.

माझं आणि मालकांचं वाजलं ते एका खोलीवरून. स्वयंपाकघराला लागून, खिडकी नसलेली, खाली आणि वर जाळ्या, आणि मधून बंबाचं लोखंडी धुराडं गेलेलं.

"सर, ही कशाला पायजे? भाड्यानं दिली तर बँकेचा हप्ता निघतोय की."

त्यांचंही चूक नव्हतं. पण हॉटेलात एका खोलीमागं चार-पाच किलो चादरी-टॉवेल रोज निघतात. त्या भागात पावसाळ्यात ते चार दिवस दोरीवर ठेवले तरी दमटच, वर कुबट वास. विजेचं ड्रायर म्हणजे विजेचं बिल. शहरातल्या लाँड्रीला द्यायचे तर रोज गाडी. बाहेरची हवा २१ अंशांची आणि आर्द्रता ९५ टक्के असली, तरी तीच हवा १० अंशांनी तापवली की आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते आणि ती कापडातलं पाणी ओढायला लागते. बंब पेटणारच आहे, धुराड्यातली उष्णता फुकट जाणारच आहे. खेड्यातली माणसं हे चुलीवरच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मी फक्त त्याला जाळ्या बसवल्या.

निसर्गनिवास सुरू झाल्यावरच्या पहिल्याच जुलैत मी गळतीची पाहणी करायला गेलो होतो. दुपारी वाऱ्यानं लाइनवर झाड पडलं, दुसरं रस्त्यावर. वीज गेली, जनरेटरचं डिझेल आणणारी गाडी पलीकडं अडकली, आणि मोबाइलला रेंज यायची ती फक्त वरच्या वळणावर. मालक बेळगावात. सौर पॅनेल होतेच, मालकांच्या माहितीपत्रकात त्यांचा मोठा फोटोही आहे. पण तसल्या आभाळात त्यांच्यावर चार दिवे आणि रिसेप्शनचा फोन चालला, एवढंच. सोलर बंबातलं पाणी तर नळाच्या पाण्याइतकंच गार. त्या वेळी हीट पंपचा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्राचा, हट्ट धरणारे एक सल्लागार मला आठवले. एका युनिटात तीन युनिटांची उष्णता देतो तो, खरं आहे, पण ते एक युनिट आणायचं कुठून?

चार वाजता चोर्ला घाटाकडं निघालेली मोटारसायकलवाली सहा पोरं परत फिरून आली. नखशिखांत भिजलेली, एकाचे दात वाजत होते. आधीच पुण्याची दोन कुटुंबं होती, त्यांत तीन लहान मुलं. कामाला एक आचारी आणि जांबोटीची अक्का.

अक्कानं कुणाला विचारलं नाही. बंबात उसाच्या चिपाडाच्या दाबून केलेल्या कांड्या टाकल्या. भीमगड अभयारण्य शेजारीच असल्यानं जंगलातलं सरपण तोडायचं नाही, हे मालकांनी सुरुवातीलाच ठरवलेलं. काजूची टरफलं स्वस्त मिळतात, पण त्यांचा तेलकट धूर पाहुण्यांच्या नाकात जातो. वरच्या टाकीतलं पाणी उतारानंच बंबात येत होतं, पंप लागला नाही. तासाभरात पोरांना कढत पाणी मिळालं.

मग तिनं खोलीतल्या सगळ्या चादरी एका बाजूला सारल्या आणि जाकिटं टांगली. मी म्हटलं, आधी पिळून घे. ती म्हणाली, "सायेब, तुमी नकाशा काढा. कपडे कसे वाळवायचे ते मला ठावं हाय."

एक गोष्ट तिथंच लक्षात आली. जाड जाकिटं दाटीनं लावली की खालून आलेली हवा वर पोचत नाही. धुराड्याजवळचं कापड तापतं, कोपऱ्यातलं तसंच राहतं. अक्कानं दोन ओळींत एकेक हात अंतर ठेवलं आणि मधल्या बांबूवर काहीच टांगलं नाही. रात्री नऊपर्यंत मुलांचे कपडे कोरडे, टॉवेल कोरडे. जाकिटांना सकाळ लागली, बूट तर ओलेच गेले.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर मालक आले. सगळं ऐकलं, खोलीत डोकावले आणि म्हणाले, "मग कपडे वाळवायचे वेगळे पैसे लावूया का, सर?" मी म्हटलं, लावा, पण त्या आधी कोपऱ्यासाठी धुराड्याला एक फाटा काढू आणि वरची जाळी मोठी करू. त्याचा खर्च किती, यावर आम्ही चहा संपेपर्यंत घासाघीस केली.