मिस, मी आहे

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी अकरावीला माध्यमांचा विषय शिकवते. दरवर्षी ऑक्टोबरात मुलांना 'बोलिंग फॉर कोलंबाइन' दाखवते. मायकेल मूरचा हा माहितीपट 2002 चा, म्हणजे माझ्या मुलांच्या जन्माआधीचा. 2003 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात गोळीबाराची खरी दृश्यं आहेत, म्हणून आधी घरी सहीचा कागद पाठवावा लागतो. 2023 साली एक सोडून सगळे कागद सही होऊन आले.

20 एप्रिल 1999 ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी 12 मुलांना आणि एका शिक्षकाला ठार केलं आणि नंतर स्वतःला संपवलं. हे अमेरिकेतच एवढं का होतं, हा मूरचा प्रश्न. हिंसक सिनेमे सगळ्या जगात बघतात, बंदुका कॅनडातही भरपूर आहेत. मग फरक कशात? तो बोट ठेवतो भीतीवर. समाजशास्त्रज्ञ बॅरी ग्लासनर यांना घेऊन तो लॉस एंजेलिसच्या बदनाम वस्तीत पायी फिरतो, आणि त्या दोघांना काहीही होत नाही. नव्वदच्या दशकात खुनांचं प्रमाण 20 टक्क्यांनी उतरलं, पण टीव्हीवरच्या खुनाच्या बातम्या 600 टक्क्यांनी वाढल्या, असा हिशेब चित्रपटात येतो. घाबरलेला माणूस कुलूप घेतो, बंदूक घेतो आणि शेजाऱ्याकडे संशयानं बघायला लागतो.

मूरचं सगळंच मी मुलांच्या गळी उतरवत नाही. बंदूकवाल्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष चार्लटन हेस्टन बंदूक उंचावून गरजतात, ते दृश्य 2000 सालच्या शार्लट शहरातल्या सभेचं आहे. चित्रपटात ते कोलंबाइननंतर लगेच डेन्व्हरला झालेल्या सभेला जोडलंय. ही कात्री कुठं चालली ते मुलांना शोधायला लावते. तो तास मला फार आवडतो.

त्या मंगळवारी आम्ही टोरांटोच्या प्रसंगापर्यंत आलो होतो. मूर ऐकतो की इथले लोक घराला कुलूप लावत नाहीत. खरं का खोटं ते बघायला तो सरळ एकेका घराचं दार उघडून आत डोकावतो. आतली माणसं दचकतात, पण चिडत नाहीत. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, "मिस, हे ठरवून केलेलं असणार. असं दार उघडं कोण ठेवतं?" मी म्हटलं, "माझी आई. चिपळूणला." सगळे हसले. तो पास घेऊन बाथरूमला गेला.

तीनेक मिनिटांत स्पीकरवर आवाज आला. लॉकडाऊन. लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट. म्हणजे शाळेत धोका आहे; दार बंद, दिवे बंद, कुणाच्या नजरेस पडायचं नाही. सराव असला की तसं सांगतात. या वेळी सांगितलं नाही.

आमच्या दाराचं कुलूप कायम लावलेलंच असतं. चौकटीवर एक लोहचुंबकाची काळी पट्टी असते, तिच्यामुळे बोल्ट आत जात नाही. ती ओढली की दार बंद. मी पट्टी ओढली, काचेवरचं गुंडाळलेलं काळं कापड खाली सोडलं, दिवे घालवले. मागे वळेपर्यंत बावीसही मुलं खिडकीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेली. काही सांगावं लागलं नाही. न्यू जर्सीत शाळांना दर महिन्याला सुरक्षेचा एक सराव कायद्यानं बंधनकारक आहे, त्यात लॉकडाऊनचाही येतो. 14 डिसेंबर 2012 ला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, तेव्हा ही मुलं किंडरगार्टनमध्ये होती. तेव्हापासून त्यांना हे येतं. प्रोजेक्टर बंद केला तरी त्याचा पंखा मिनिटभर घरघरत राहिला, आणि त्या आवाजानं माझ्या पोटात गोळा आला.

मग दारावर दोनदा टकटक झाली, अगदी हळू.

"मिस, मी आहे."

त्याचाच आवाज. आमच्याकडे ओटीवरून कुणी हाक मारली की आई आतून "कोण?" म्हणायची, आणि "मी!" एवढं उत्तर पुरायचं. इथे नियम असा की दार कुणालाही उघडायचं नाही. ज्याला यायचंय त्याच्याकडे किल्ली असेल. मी उठले, दोन पावलं गेले. एका मुलीनं माझी बाही धरली आणि मानेनं नाही म्हणाली. माझ्या मनात आलं, याच्या पाठीमागे कुणी उभं असेल तर? आणि त्याहून वाईट असं एक क्षणभर मनात आलं, की हाच असेल तर? आदल्या रात्री मी त्या मुलाचा निबंध तपासला होता, शेजारी 'छान' लिहिलं होतं.

"मिस?" पुन्हा एकदा. मग काही नाही.

अडतीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. माझ्या शेजारच्या मुलीनं फोनवर आईला 'आय लव्ह यू' लिहिलं आणि पाठवलं नाही. आई घाबरेल म्हणून, हे तिनं नंतर सांगितलं. शेवटी पोलिसांनी किल्लीनं दार उघडलं. कुणीतरी खोटा फोन केला होता.

तो मुलगा बाथरूममध्ये कमोडवर पाय वर घेऊन बसला होता, खालून बूट दिसू नयेत म्हणून. पाचव्या वर्षी शिकवलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला व्हरांड्यात गाठून माफी मागितली. तो माझीच समजूत काढायला लागला. "तुम्ही बरोबर केलंत, मिस. मीही उघडलं नसतं." मला कोणी रागावलं असतं तर ते सोसलं असतं. हे सोसवेना.

त्या तासाला मी चित्रपट लावला नाही, मुलांना बोलू दिलं. बाही धरणारी मुलगी म्हणाली, "मूर म्हणतो टीव्हीनं लोकांना घाबरवलं. मला टीव्हीनं नाही शिकवलं, शाळेनं शिकवलं." आणि तिच्या भीतीला आधार नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? 2020 पासून अमेरिकेत एक वर्षापुढच्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मूरनं चित्रपट काढला तेव्हा तसं नव्हतं. हा प्रश्न तेवढ्या तासात सुटणारा नव्हता, आणि तो सुटल्यासारखं मी मुलांना दाखवलंही नाही. पण त्याच्याइतकंच खरं हेही होतं, की भीतीनं मला ओळखीचा आवाज परका केला होता. हे मी वर्गात मोठ्यानं बोलले. बोलताना गळा दाटला, मुलांनी ते बघितलं.

तास संपायला दहा मिनिटं होती. मागच्या बाकावरून तो म्हणाला, "मिस, ते दारांचं परत लावा ना."

मी प्रोजेक्टर सुरू केला. मग उठून दारापाशी गेले, चौकटीवरची पट्टी जागेवर आहे ना ते बोटानं चाचपून पाहिलं, आणि परत येऊन टोरांटोपासून लावलं.