खुनी कोण ते आधी सांगा, मग वाचतो : माझा अनुभव

माझी रहस्यकादंबरी पाठवल्यावर प्रकाशकाचा जो मेल आला त्यात आठ ते दहा आठवड्यांत कळवू असं होतं, मला उत्तर आलं एकतिसाव्या आठवड्यात, आणि ते वाचून जो संताप झाला तो अजून पूर्ण उतरलेला नाही म्हणून हे लिहितेय. रहस्यकादंबरी पहिल्यांदाच प्रकाशकाकडे पाठवणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

लिहिण्याचं पटकन सांगते. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली तेव्हा माझी सहा प्रकरणं झाली होती, उरलेली सोळा पुढच्या पाच महिन्यांत झाली. लिहिणं चालू होतं पण वाचणं बंद पडलं होतं. पान उलटलं की आधीच्या पानावरचं काही आठवायचं नाही, सगळं लक्ष बातम्यांत. मग जुन्या रहस्यकथा परत काढल्या, ज्यांतला खुनी मला पाठ आहे अशा, आणि त्या मात्र वाचल्या गेल्या. बाहेर रोज माणसं जात होती आणि का, कशी, पुढे कोण, काही कळत नव्हतं. पुस्तकात प्रत्येक मृत्यूला कारण होतं आणि शेवटी कुणीतरी सगळ्यांना समोर बसवून ते सांगणार होतं. मला त्याचा खरंच आधार झाला.

आणि खुनी माहीत असताना वाचलं की लेखकाचं काम दिसतं. पुरावा बहुतेक वेळा एखाद्या यादीच्या मधोमध टाकलेला असतो, नाहीतर तो सांगून झाल्याझाल्या कुणाचं तरी भांडण सुरू होतं, म्हणजे आपलं लक्ष तिकडे जातं. मी पेन्सिलने अशा जागांवर खुणा करत गेले. तुम्हीही करा, यातून जेवढं शिकता येतं तेवढं लेखनावरच्या पुस्तकांतून मला तरी नाही मिळालं.

आता फॉर्म. एका प्रकाशन संस्थेचा ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात सारांशाच्या चौकटीवर लिहिलं होतं, कमाल 500 शब्द, शेवट उघड करणे आवश्यक. मी तो रकाना तीन दिवस रिकामा ठेवला. सामाजिक कादंबरीचा शेवट आधी कळला तर फारसं बिघडत नाही, पण रहस्यकादंबरी हा वाचकाबरोबर मांडलेला डाव असतो. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले त्यांचा सगळा गाभा हाच, की हेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे, म्हणजे डाव बरोबरीचा. ज्याला उत्तर आधीच दिलंय त्याने हा डाव चांगला की वाईट कसा ठरवायचा? मी तसं मेलवर विचारलं, तर उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा आहे. भरला शेवटी. (सारांश आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा, माझं पान मध्येच बंद पडून सगळं उडालं आणि दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्यासारखं उतरलं नाही.)

मग वाट बघणं. दहावा आठवडा गेला, सोळावा गेला. विसाव्याला विचारलं तर 'वाचन सुरू आहे' एवढंच. तो काळ सगळ्यांसाठीच वाईट होता, त्यांच्याकडेही माणसं आजारी असतील हे मला समजत होतं, पण एक ओळ पाठवायला काय लागतं? या काळात मला इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीच्या आयुष्यातल्या गोष्टींनी तगवलं. पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करायची, विषांची माहिती तिला तिथेच झाली, आणि 1916 मध्ये लिहिलेली तिची पहिली कादंबरी छापून आली 1920 मध्ये. आधी नकार आले, मग एका प्रकाशकाकडे ती इतके दिवस पडून होती की ख्रिस्ती स्वतःच विसरत चालली होती, आणि घेताना त्यांनी शेवटचा उलगडा कोर्टातून काढून दुसरीकडे न्यायला लावला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना तिने पॉयरो आणि मिस मार्पल या आपल्या दोन गुप्तहेरांची एकेक शेवटची कादंबरी लिहून बाजूला ठेवून दिली. त्या आल्या 1975 आणि 1976 मध्ये. तीस वर्षं! त्यापुढे माझे आठवडे काय, असं मी रोज स्वतःला सांगायचे.

एकतिसाव्या आठवड्यात मेल आला. नकार, आणि कारण असं : 'खुनी कोण हे सुरुवातीपासूनच लक्षात येते.'

मी ते चार वेळा वाचलं. तुम्हीच लिहून घेतलंत ना माझ्याकडून? लक्षात येणारच! त्या रात्री लिहिलेलं उत्तर पाठवलं नाही हे चांगलं केलं, दोन दिवसांनी शांतपणे तीनच वाक्यं लिहिली, की सारांश न वाचलेल्या दुसऱ्या कुणाला तरी हस्तलिखित द्या, बारावं प्रकरण संपल्यावर थांबायला सांगा आणि संशय कुणावर आहे तो कागदावर लिहून घ्या. ही मागणी करता येते, नाही म्हणाले तर आपण आहोत तिथेच राहतो.

हो, एक राहिलं, पाठवण्याआधी प्रत्येक पात्र खुनाच्या दिवशी दर अर्ध्या तासाला कुठे होतं याचा तक्ता करा. माझ्या बहिणीने तो तपासताना एक माणूस एकाच वेळी दोन खोल्यांत सापडला होता, तो तसाच गेला असता तर मला हे भांडण करायला तोंडच राहिलं नसतं.

पाच आठवड्यांनी त्यांनी हस्तलिखित परत पाठवलं, स्वीकृतीच्या पत्रासकट. पत्र मी नंतर वाचलं. आधी बारावं प्रकरण काढलं. शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलने डॉक्टरचं नाव लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. डॉक्टर निर्दोष आहे.