वर असून हरलो राव

परवा ऑफिसात एकाने विचारलं, तू कुस्ती करायचास ना, मग त्या यूएफसीत (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढती भरवणारी अमेरिकन कंपनी) आपल्याकडची पोरं का दिसत नाहीत, गावोगावी तालमी आहेत की. चहा संपेपर्यंत सांगत बसलो तरी सांगून होईना, म्हणून इथं लिहितोय.

मी सहा वर्षं तालमीत काढली. सांगलीकडचं गाव, लाल मातीचा हौद, पहाटे साडेचारला जोर-बैठका आणि वस्तादांच्या शिव्या. फार मोठा पैलवान कधीच नव्हतो, जत्रेत शे-दोनशेच्या कुस्त्या मारायचो एवढंच. मग कॉलेज, पुणे, आयटी आणि पोट. काटा 94 वर गेला तेव्हा बायकोने हात जोडले आणि मी घराजवळच्या एमएमए जिममध्ये नाव घातलं.

पहिल्याच दिवशी कोचने एका किडकिडीत पोराबरोबर उभं केलं, असेल 62-63 किलोचा, चष्मा काढून बाजूला ठेवून आलेला. मला त्याची दयाच आली. हाताला हात लावून अंदाज घेणारी खडाखडीसुद्धा न करता पट काढला, म्हणजे खाली वाकून पाय धरले, उचलला आणि टाकला, अख्खी पाठ मॅटला. माझ्या डोक्यात तर हलगी वाजायला लागली होती आणि मी सवयीने पकड ढिली केली, तेवढ्यात त्याने खालूनच माझी मान आणि एक हात दोन पायांच्या कात्रीत घेतला आणि आवळला. कानात शिट्टी, डोळ्यापुढं काजवे. टॅप करायचं असतं, म्हणजे हार मानून हाताने थोपटायचं, हे पण डोक्यात येईना, शेवटी कोचनेच सोडवलं. पोरगं चष्मा घालून म्हणतं कसं, "सॉरी दादा."

तर मुद्दा हा आहे. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला, आस्मान दाखवलं, फेटा उडवा, घरी जा. एमएमएत पाठीवर पडलेल्या माणसाकडे दोन हात, दोन पाय आणि भरपूर वेळ असतो. उलट आपण जे वर्षानुवर्षं घोटवलेलं असतं तेच नडतं. चितपट होऊ नये म्हणून आपण मातीत पोटावर बेडकासारखं चिकटून बसतो ना, तिथं असं पोटावर वळलात की समोरचा पाठीवर बसून मागून गळा धरतो. आणि पटाला डोकं खाली घालून घुसलात की मान त्याच्या बगलेत.

भरत खंडारे आठवतोय का? मुंबईचा, कुस्तीतूनच आलेला, भारतात राहून तयारी करून यूएफसीत गेलेला पहिला माणूस. नोव्हेंबर 2017, शांघाय, समोर सोंग यादोंग नावाचं 19 वर्षांचं पोरगं. पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिन, म्हणजे तीच बगलेतली मान. रितू फोगाटचं तर अजून जिवाला लागतं. कुस्ती सोडून 2019 ला वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए कंपनीत आली, बऱ्याच जणींना खाली घालून बदडलं, 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या ग्रां प्री स्पर्धेची फायनल. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची मुए थायवाली, म्हणजे लाथा-बुक्क्यांची बाई. रितूने तिला खाली घेतली आणि आम्ही इकडे जिंकलो जिंकलो करतोय तोवर स्टॅम्पने पाठीवर पडल्या पडल्या तिचा हात धरून आर्मबार लावला, म्हणजे कोपर उलटं ताणलं. वर असून हरली. मला त्या चष्मेवाल्याची आठवण आली.

म्हणून कुस्ती कुचकामी आहे का, तर अजिबात नाही. रशियातलं दागेस्तान बघा, एवढासा डोंगराळ मुलुख, तिथं पण घरटी पैलवान. पण ती पोरं कुस्तीच्या जोडीला लहानपणापासून ज्युडो आणि कॉम्बॅट साम्बो (ठोसे-लाथा चालणारी रशियन झुंज) करतात, म्हणजे धरणं, मारणं, गळा आवळणं सगळं एकाच वयात अंगात मुरतं. तिथलाच यूएफसी चॅम्पियन खबीब, त्याच्या 29 लढती आणि 29 विजय. गंमत म्हणजे 2020 मध्ये शेवटची लढत त्याने समोरच्या जस्टिन गेथजीची मान पायांच्या कात्रीत धरून, स्वतः पाठीवर झोपून जिंकली. पैलवानाने पाठीवर झोपून!

आपल्याकडे तालमीतलं पोरगं तिकडे वळणार कशाला हा पण प्रश्नच आहे. विजय चौधरी तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलिसात डीवायएसपी झाला, नरसिंग यादव, राहुल आवारे पण डीवायएसपी. गदा, वर्दी, लग्नाला स्थळं. ते सोडून पिंजऱ्यात नाक फोडून घ्यायला कोण बाप पोराला पाठवेल?

मग यूएफसीत जिंकलं कोण, तर देहरादूनचा अंशुल जुबली, जो आर्मीच्या परीक्षेची तयारी करता करता यूट्यूब बघून शिकला आणि 2023 ला रोड टू यूएफसी ही यूएफसीत घेण्यासाठीची स्पर्धा जिंकून आत गेला (पुढे हरला, एकदा तर 19 सेकंदांत, पण गेला ना). आणि मुझफ्फरनगरकडची पूजा तोमर, वुशू या चिनी मार्शल आर्टवाली, जून 2024 ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय बाई. दोघंही तालमीतले नाहीत, हे जरा बोचतंच. आता 2026 च्या नागोयाच्या एशियन गेम्समध्ये एमएमएला पदक आहे म्हणे, म्हणजे सरकारचं पण लक्ष जाईल. पदक दिसलं की आपल्याकडे सगळ्यांचंच लक्ष जातं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा वस्तादांना मोबाइलवर रितूची ती फायनल दाखवली. सत्तरी ओलांडलीय, चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. आधी म्हणाले, "पाठ लागली की रं तिची, शिट्टी का मारंना?" मी म्हणलं वस्ताद, इथं ते चालत नाही. मग गप्प. परत लावायला लावलं, परत, चौथ्यांदा बोट ठेवून म्हणाले, "हितं. हितं हात आत घ्याला पायजे हुता." अगदी बरोबर जागा होती ती, आमचा कोच पण हेच सांगतो.

मग एका पोराला हाक मारली, लंगोट कसून आलं बिचारं. मला म्हणाले, "तू पड खाली, लाव ते पायाचं. ए, तू वर जा आन् सोडवून दाव." मी नव्या शर्टात हौदात पाठीवर.