रिकामी सोडलेली चौथी मात्रा

परीक्षणासाठी आलेल्या एका रॉक अल्बमच्या गुणपत्रिकेवर माझ्या एका सहपरीक्षकांनी शेरा मारला होता, ‘जॉय डिव्हिजनची नक्कल’, म्हणजे सत्तरच्या दशकाअखेरच्या त्या इंग्लिश बँडची, आणि मौलिकतेच्या रकान्यात दहापैकी दोन. निकाल लागून गेला, तरी तो शेरा माझ्या डोक्यातून जात नाही.

स्वतंत्र बँडचे रॉक अल्बम आमच्याकडे नावं काढून येतात, फाइलवर फक्त क्रमांक. मी आधी सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणून घेतो. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला उगाचच सरस वाटतं, आणि मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारात, दाबून दाबून मोठे केलेले अल्बम एवढ्यावरच बाकीच्यांच्या पुढे जातात. मग पहिलं ऐकणं वही न उघडता, सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. एका मिनिटात गाणं पुढे ढकलणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यांनी हे काम करू नये.

अर्जात आणखी एक रकाना असतो, बँडने स्वतः लिहिलेल्या प्रभावांचा. तो मी सगळ्यात शेवटी वाचतो. बरेच जण आधी वाचतात आणि मग अल्बमभर तेच शोधत बसतात. यादीत नसलेलं काही सापडलं, की बँडला थेट लबाड ठरवतात. इथेही तेच झालं होतं, कारण यादीत जॉय डिव्हिजनचं नाव नव्हतं.

नक्कल म्हणायला निमित्त होतं बास गिटारचं. पहिल्या चार गाण्यांत तो सतत वरच्या पट्टीत वाजतो, चाल तोच धरून ठेवतो. जॉय डिव्हिजनच्या १९७९च्या ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बममध्ये त्यांचा बासवादक पीटर हुक याचा बास असाच आहे, हे खरं. पण हुक वर का गेला, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. तालमीत गिटारचा आवाज दणदणीत आणि याचा स्पीकर सुमार, त्यामुळे खालचे स्वर त्याचे त्यालाच ऐकू येईनात. आमच्या पुढ्यातल्या अल्बममध्ये गिटारच नेहमीपेक्षा बरीच खालच्या सुरात लावलेली आहे. खालची सगळी जागा तिने व्यापल्यावर बासला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघे पोचले एकाच ठिकाणी, पण निघाले वेगवेगळ्या अडचणींतून. शिवाय निर्माता मार्टिन हॅनेटने त्या रेकॉर्डमध्ये ड्रमचे भाग सुटे सुटे करून घेतले होते आणि डिजिटल डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं यंत्र, लावून त्यांना ती थंड, एकाकी जागा दिली होती. इथे नेमकं उलटं आहे. सगळा ड्रमसेट एका मोठ्या खोलीत, एका दमात वाजलेला, प्रत्येक माइकमध्ये बाकीच्यांचा आवाज सांडलेला. बास ऐकून निकाल देणाऱ्याने ड्रमकडे कान दिलाच नव्हता.

बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा उत्तरादाखल ‘ब्लर्ड लाइन्स’चा खटला पुढे आला. २०१५मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने ते गाणं मार्विन गेच्या १९७७च्या गाण्यावरून उचललेलं ठरवलं होतं, मग आपण एवढे उदार का? मी लेड झेपेलिन या बँडच्या ‘स्टेअरवे टु हेवन’ची आठवण करून दिली, त्यावरही चोरीचाच आरोप होता. त्या खटल्यात २०२०मध्ये अपील न्यायालयाने बँडच्या बाजूने कौल दिला. पण मुळात हा वाद आमचा नव्हेच. न्यायालय बघतं काय घेतलं ते. घेतलेल्याचं पुढे काय केलं, हे बघायला आम्ही बसलेलो असतो.

आणि म्हणूनच सातवं गाणं मला सोडत नाही. ते खरोखर उसनं आहे. पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, दुसरी अर्धी उलटल्यावर किक, तिसरीवर किक, चौथीवर स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम. अमेरिकन ड्रमर हॅल ब्लेनने १९६३मध्ये रॉनेट्स या गायिकांच्या गटाच्या ‘बी माय बेबी’ला वाजवलेला ठेका, जो १९८५मध्ये जीझस अँड मेरी चेन या स्कॉटिश बँडने ‘जस्ट लाइक हनी’ची सुरुवात म्हणून जसाच्या तसा घेतला. नक्कल शोधणाऱ्याला पहिल्या चार आवर्तनांतच मिळावी, इतकं उघड. तरीही अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात जिवंत गाणं तेच आहे.

दोन कडवी ठेका बिनचूक चालतो. दुसरं कडवं संपलं की चौथ्या मात्रेवरची स्नेअर येतच नाही, आणि त्या मोकळ्या जागेत गायिका पुढची ओळ उचलते. पुढे दोनदा पुन्हा तसंच. इतकी वर्षं कानात मुरलेला तो ठोका न वाजल्यामुळेच तिथे काळजाचा ठोका चुकतो. उसनवारी केली नसती, तर ही जागा मिळालीच नसती.

“एडिटिंगमध्ये गाळलं गेलं असेल,” सहपरीक्षक म्हणाले. मी ती जागा पुन्हा पुन्हा वाजत ठेवून हेडफोनवर ऐकली. फक्त स्नेअरचा ट्रॅक कापला असता, तर खोलीच्या माइकमध्ये तिचा ठोका उरला असता. तो नाही. उलट त्या मात्रेवर हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी, किंचित उघडते आणि पुढच्या मात्रेला मिटते. बासच्या कंपनाने स्नेअरखालच्या तारा झणझणताना ऐकू येतात. म्हणजे ड्रम तिथेच आहे, वादक बसलेला आहे, हात त्याने मुद्दाम आवरला आहे. हे बाकीच्या तिघांनाही ऐकवलं. दोघांनी मान डोलावली, सहपरीक्षकांनी आपले गुण बदलले नाहीत.

मग मी प्रभावांचा रकाना वाचला. त्यात २०००च्या आधीचं एकही नाव नव्हतं. म्हणजे हा ठेका त्यांच्यापर्यंत कदाचित तिसऱ्या-चौथ्या हाताने आला असेल आणि १९६३चा त्यांना पत्ताही नसेल. आमच्यातल्या सगळ्यात तरुण परीक्षकेने यातलं कुठलंच जुनं गाणं ऐकलेलं नव्हतं. मी काही बोलण्याआधी तिने सातव्या गाण्याला सर्वांत जास्त गुण देऊन ठेवले होते, आणि का म्हणून विचारलं तेव्हा तिने त्याच मात्रेवर बोट ठेवलं. तिचा कान गाण्याने दोन कडव्यांत तयार केला, माझा त्या जुन्या रेकॉर्डांनी आधीच केलेला होता.

मौलिकतेत मी आठ दिले. त्या आठांतले किती या ड्रमरचे आणि किती ब्लेनचे, ही वाटणी मला अजून जमलेली नाही. सहपरीक्षकांच्या त्या दोन गुणांनी सरासरी खाली ओढली आणि अल्बम अंतिम यादीत पोचला नाही. गुण जमा होईपर्यंत प्रभावांचा रकाना परीक्षकांना दाखवू नये, असं मी समितीला लेखी कळवलं आहे. सोबत सातव्या गाण्यातली ती जागा, मिनिट-सेकंदासह.