रथसप्तमीचं हळदीकुंकू, औलीच्या बर्फात

आमच्या नौपाड्यातल्या महिला मंडळाचं वर्षाचं संमेलन म्हणजे रथसप्तमीचं हळदीकुंकू, आणि हे इतकं पक्कं आहे की तारीख कुणी विचारत पण नाही, कॅलेंडरवर रथसप्तमी बघायची आणि त्या संध्याकाळी गच्चीवर हजर व्हायचं. संक्रांतीपासून घरोघरी हळदीकुंकवं चालूच असतात पण शेवटचं आमचं. सकाळी गच्चीत रांगोळीने सूर्याचा रथ काढायचा, गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, संध्याकाळी हळदीकुंकू, तिळगूळ, वाण, आणि ज्यांच्याकडे छोटं मूल असेल त्याचं बोरन्हाण. आदल्या दिवशी चौघीजणी जांभळी नाक्यावर जाऊन बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे सगळं घेऊन येतात. मी लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हापासून एकही रथसप्तमी चुकवलेली नाही, आणि त्यातली सगळ्यात लाडकी कुठली असं विचारलं तर 2019 ची, जी ठाण्यात झालीच नाही.

झालं असं की मंडळातल्या एका ताईंचे मिस्टर तरुणपणी उत्तराखंडात औलीला जाऊन स्कीइंगचा कोर्स करून आलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. गढवाल मंडल विकास निगम तिथे हिवाळ्यात असे कोर्स घेतं. काका दर संमेलनाला एकदा तरी औलीचा विषय काढायचेच, बर्फ कसा असतो, नंदादेवीचं शिखर कसं दिसतं, आणि ताई दर वेळी म्हणायच्या की मला कधी नेलंत तिथे? शेवटी ग्रुपवर प्लॅन झाला, सगळी कुटुंबं मिळून तेवीस जण, पोरंबाळं, दोन आज्या, बँकवाले, शिक्षक, सगळ्यांच्या रजा जुळवता जुळवता फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निघाला. बुकिंग झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की 12 तारखेला रथसप्तमी आहे! मग दोन दिवस ग्रुपवर नुसती चर्चा, संमेलन आधी घेऊया, नको, नंतर कसं घेणार, रथसप्तमी झाल्यावर हळदीकुंकू नसतं. माझ्या सासूबाईंनी शेवटी निकाल लावला, म्हणाल्या अगं सूर्य तिथेही उगवतोच की, आपण जिथे असू तिथे करू.

म्हणून आमच्या सामानात थर्मल आणि जाड मोज्यांबरोबर तिळाचे लाडू, हलवा, हळदीकुंकवाचा करंडा, मूठभर बोरं, कुरमुरे, आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेलं एक मातीचं बोळकं असं सगळं होतं. दोन छोट्या गोवऱ्या पण होत्या. कापूर आणि काडेपेटी विमानात नेता येत नाही, ते हरिद्वारला उतरल्यावर घेतलं. वाण काय लुटायचं यावर सासूबाईंनी खूप विचार केला होता आणि त्यांनी पंचवीस लिप बाम घेतले, मला तेव्हा ते वाण म्हणून विचित्र वाटलं होतं पण वर गेल्यावर पहिल्या दिवशीच सगळ्यांचे ओठ फुटले आणि वाण रथसप्तमीच्या आधीच निम्मं वाटून झालं.

हरिद्वारहून जोशीमठपर्यंत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, सगळा घाट, दोन टेम्पो ट्रॅव्हलर केल्या होत्या. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, प्रत्येक ठिकाणी एक नदी अलकनंदेला येऊन मिळते आणि आज्यांनी प्रत्येक संगमावर गाडी थांबवायला लावली. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे आहे, तो राहिला, त्याची हळहळ सासूबाईंना अजून आहे. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं त्यामुळे एका ठिकाणी दोन तास अडकलो, त्याबद्दल बाकी काही सांगण्यासारखं नाही, पोरांनी अंताक्षरी खेळून घसा बसवून घेतला एवढंच. जोशीमठहून औलीला रोपवेने गेलो, चारेक किलोमीटरचा आहे, खाली देवदारांचे शेंडे बर्फाने भरलेले आणि डब्यात तेवीस ठाणेकर एकदम गप्प. आमचा ग्रुप इतका वेळ गप्प बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

12 तारखेला सकाळी सहाला उठलो. गेस्टहाऊसच्या केअरटेकरना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, त्यांनी अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला केला आणि एक जुना पत्रा आणून दिला, कारण बर्फावर गोवरी पेटवली तर खालचा बर्फ वितळून सगळं आत बसणार. रांगोळीची गरजच नव्हती, माझ्या लेकीने काठीने बर्फात रथ काढला, सात घोडे काढता काढता तिची बोटं बधिर झाली तर शेवटच्या दोन घोड्यांना नुसती डोकीच राहिली. गोवऱ्या काही केल्या पेटेनात, कापराच्या चार वड्या गेल्या, काका पाठ करून वारा अडवत उभे. पूर्वेला नंदादेवीच्या बाजूच्या डोंगरांमागे उजेड कधीचा आला होता पण सूर्य काही वर येत नव्हता, डोंगरच एवढे उंच, नंदादेवी एकटी 7,816 मीटर. आणि मग एकदम ऊन आलं आणि अंगणातला सगळा बर्फ असा लखलखला की डोळे मिटावे लागले. दूध त्याच्यानंतर दहा एक मिनिटांनी उतू गेलं. आमच्यातल्या शिक्षिकाबाईंनी पोरांना तिथेच सांगितलं की एवढ्या उंचीवर पाणी 90-91 डिग्रीलाच उकळतं, म्हणून इथे डाळ शिजायला वेळ लागतो. उतू गेलेलं दूध पत्र्यावरून ओघळलं आणि बर्फात जिरलं, पांढऱ्यात पांढरं, नुसता वाफेचा एक पट्टा दिसला तेवढाच. गच्चीत करतो तेव्हा फरशीवर डाग पडतो म्हणून आम्ही खाली पेपर घालतो.

केअरटेकरची बायको हे सगळं दारात उभी राहून बघत होती. सासूबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि वाटीतलं दूध दिलं.

मग स्कीइंग. आधी बूट. ज्यांनी घातलेत त्यांना माहीत आहे, कडक प्लॅस्टिकचा बूट, घोटा अजिबात वाकत नाही, पुढच्या बाजूने नडगी दाबली जाते आणि बकल लावायला दुसरा माणूस लागतो. त्या सकाळी बाकावर बसून आम्ही एकमेकींच्या पायाशी वाकून बकलं लावत होतो, सुना सासवांची आणि सासवा नातवंडांची. भाड्याच्या एका दुकानातून घेतलेल्या दोन जॅकेटांच्या चेन चढेचनात, तिथे सेफ्टीपिना कामाला आल्या, हळदीकुंकवाला साड्यांसाठी आणलेल्या. स्की, म्हणजे पायाखालची ती लांब पट्टी, बर्फावर ठेवायची, आधी बुटाचं टोक बसवायचं मग टाच दाबायची, कट्ट असा आवाज आला की झालं.

ट्रेनर गावातलाच तरुण मुलगा होता, खूप शांत. चालायला शिकवलं, मग उतारावर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढायला शिकवलं, मग पडायला शिकवलं, कुशीवर पडायचं, मागे बसायचं नाही, आणि उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून घ्यायच्या नाहीतर उठता उठता घसरायला होतं. आणि मग थांबायचं कसं, तर पुढची टोकं जवळ आणि मागच्या टाचा बाहेर, उलटा व्ही. ‘घुटने मोड़ो, आगे देखो, पैर मत देखो,’ दिवसभर हेच. पोरं अर्ध्या तासात सुटली, त्यांचं अंगच हलकं. मोठ्यांना वेळ लागतो कारण आपण घाबरलो की मागे झुकतो आणि मागे झुकलं की स्की जास्तच पळते, भीती वाटली की उलट पुढे झुकायचं असतं हे शरीराला पटायला वेळ लागतो. मला ते जमलं दुपारी बारानंतर कधीतरी. पंचवीस-तीस फुटांचाच उतार असेल, पण खाली येताना स्कीच्या कडांचा तो खर्रर्र आवाज, गालावर वारा, आणि खाली उभी असलेली माझी लेक हात पसरून ‘आई ये ये ये’ ओरडतेय, मी तिला चालायला शिकवताना जशी उभी राहायचे अगदी तशी! मी तिच्यापर्यंत पोचले आणि थांबले, स्वतःची स्वतः थांबले.

सासूबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. त्यांनी सकाळीच सांगितलं होतं की मी उतारावर जाणार नाही पण स्की पायात घालणार, आणि सपाटीवर दोन काठ्या घेऊन त्या तासभर एकट्या चालत होत्या, स्वेटरवर शाल, शालीवर जॅकेट, कपाळाला सकाळचं कुंकू. ट्रेनर दोन वेळा विचारून आला, माताजी थकलात का, तर नाही म्हणाल्या.

पण त्या दिवसाचं खरं सांगायचं ते काकांचं. काका सकाळपासून दुसऱ्यांना मदत करत होते, स्वतः काही केलं नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर ट्रेनरने त्यांना विचारलं, आप नहीं करेंगे? तेव्हा ते चेअरलिफ्टने वर गेले, ट्रेनर सोबत. आम्ही सगळे खाली रांगेत उभे. औली आता खूप बदललीय असं ते सकाळी म्हणत होते, 2011 च्या जानेवारीत तिथे साउथ एशियन विंटर गेम्स झाल्या, कृत्रिम बर्फ करायला तळं वगैरे बांधलं, त्यांच्या वेळी यातलं काही नव्हतं. मग वर एक निळं जॅकेट दिसलं. सुरुवातीला हळू, तोच उलटा व्ही, थांबत थांबत. दोन वळणं तशीच घेतली, आणि तिसऱ्या वळणानंतर दोन्ही स्की समांतर झाल्या. मग मात्र ते डावीकडून उजवीकडे उजवीकडून डावीकडे असे लांब लांब वळसे घेत आले की वाटलं हा माणूस रोज हेच करत असणार, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मधे तीस वर्षं लोकल आणि ऑफिस. शेवटी आमच्यापासून दहा फुटांवर आडवे होऊन थांबले, बर्फाचा एक फवारा ताईंच्या साडीवर. हो, ताई साडीत होत्या, आत दोन लेगिंग घालून, हळदीकुंकवासाठी. तीस वर्षं दर संमेलनाला ऐकलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. काही बोलल्या नाहीत, पुढे होऊन काकांच्या कॉलरवरचा बर्फ झटकला फक्त, आणि तो झटकून झाला तरी झटकतच राहिल्या.

साडेतीनला तिथेच उताराच्या पायथ्याशी हळदीकुंकू केलं. सतरंजी नाही, प्लॅस्टिकची शीट. प्रत्येकीने टोपी वर सरकवायची, दुसरीने हातमोजा काढून हळद लावायची, कुंकू लावायचं, की लगेच हातमोजा. बोटं ओली होती त्यामुळे कुंकू जरा ओघळायचं, सगळ्यांच्या भुवयांपर्यंत लाल. करंड्यातून थोडी हळद बर्फावर सांडली तर तो पिवळा रंग इतका गडद दिसला की सगळ्या त्याच्याकडेच बघत बसल्या, घरी रोज बघतो ती हळद. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा नातू दोन वर्षांचा, त्याचं बोरन्हाण, काळ्या जॅकेटवर हलव्याचा हार आणि मुकुट, आणि डोक्यावर कुरमुरे बोरं पडल्यावर त्याने ती सोडून खालचा बर्फच मुठीत घेऊन स्वतःच्या डोक्यावर टाकला. पोरांना सांगून सगळी बोरं आणि कुरमुरे उचलून पिशवीत भरले, एक पण तिथे ठेवला नाही, काकांची तशी सक्त ताकीद होती.

केअरटेकरची बायको पण आली होती, तिला पण हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, लिप बाम दिला. ती आत गेली आणि डबा घेऊन आली, त्यात अरसे. तांदूळ भिजवून त्याचं पीठ गुळाच्या पाकात घालून तळतात, तिकडे लग्नकार्यात करतात म्हणाली. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, अगं हा तर आपला अनारसा, फक्त खसखस लावायची राहिली! मग दोघींचं एक मराठीत आणि एक गढवाली हिंदीत असं तांदूळ किती दिवस भिजवायचे यावर अर्धा तास बोलणं झालं आणि दोघींना सगळं कळलं. तोवर समोर नंदादेवीवर संध्याकाळचं ऊन आलं होतं, सोन्यासारखं, खालचं सगळं निळं पडलेलं आणि वर फक्त ते शिखर.

2023 च्या जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं, घरांना भेगा पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा संक्रांत जवळ आली होती. केअरटेकरच्या बायकोचं घर जोशीमठात. सासूबाईंनी तीन दिवस फोन लावला, लागेना. चौथ्या दिवशी लागला, भिंतीला भेग गेली होती आणि ते नातेवाईकांकडे राहायला गेले होते, पण सगळी धडधाकट. त्या रथसप्तमीला गच्चीवर नेहमीसारखं हळदीकुंकू झालं, वाणाचे पैसे मात्र कुणी वाणाला वापरले नाहीत, तिला पाठवले.

तेव्हापासून दर रथसप्तमीला दूध उतू गेलं की तिला फोन करायचा हे पण संमेलनात आलं. फोन स्पीकरवर ठेवून कठड्यावर ठेवायचा, सगळ्या भोवती. गेल्या वेळी तिने विचारलं, दीदी, वहाँ ठंड कैसी है? गच्चीवर सकाळीच ऊन चटका देत होतं, पंखा लावायला वायर ओढायची चालली होती. सासूबाई म्हणाल्या, बहुत अच्छी है, और तुम्हारे यहाँ बरफ कितना गिरा वो बताओ, और वो अरसा इस बार हमने बनाया, खसखस लगाके.