रंग चढलाय, मुरायची आहे अजून

रविवार, रात्री साडेअकरा

आज माझ्या व्हिस्कीचा कास्क, म्हणजे लाकडी पिंप, भरून नऊ महिने झाले. १० लिटरचा छोटासा ओकचा कास्क, आधी ओलोरोसो शेरी (गडद स्पॅनिश वाइन) ठेवून मुरवलेला, त्यात मी ६३.५ टक्के अल्कोहोलचं न्यू मेक, म्हणजे नुकतंच गाळलेलं, न मुरलेलं स्पिरिट भरलं होतं, पाण्यासारखं स्वच्छ, नाकाला झोंबणारं. दर महिन्याला २५ मिली काढायचं, चव घ्यायची, थोडं छोट्या बाटलीत बाजूला ठेवायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. पण आजचं लिहिणं जरा लांबणार आहे, कारण आज काहीतरी ठरवावं लागणार हे बूच काढतानाच कळलं.

आधी वजन केलं. भरलं त्या दिवसापेक्षा १ किलो २०० ग्रॅम कमी. त्यातले नमुने मी काढलेले, ते २०० ग्रॅमच्या आसपास. बाकीचं म्हणजे लिटरभराहून थोडं जास्तच हवेत गेलं. स्कॉटलंडमधल्या गोदामांत वर्षाला साधारण २ टक्के उडतं असं धरतात, म्हणजे तिथल्या कास्कला पाच-सहा वर्षं लागतील तेवढं माझ्या कास्कनं नऊ महिन्यांत उडवलं. हायड्रोमीटरवर, म्हणजे घनतेवरून अल्कोहोल मोजायच्या नळीवर, ६१ टक्के आलं. पण त्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, लाकडातला अर्क आणि शेरीचा गोडवा विरघळलेला असला की द्रव जड होतो आणि हायड्रोमीटर अल्कोहोल खऱ्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो.

आता रंग. दादा आला होता संध्याकाळी, त्यानं ग्लास दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, "अगं, ही तर बारा-पंधरा वर्षांची दिसतेय, अजून कशाला ठेवतेस?" खरंच तसाच दिसतो, गडद तांबूस, कडेला किंचित लालसर झाक. मला एकदम छान वाटलं आणि लगेच थोडी धास्तीही वाटली, कारण पहिल्या तीन महिन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर दिसतं की यातला अर्ध्याहून जास्त रंग पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आलाय. फळ्यांमध्ये जिरलेली शेरी आधी बाहेर येते, मग ओकचा अर्क. त्याचा वयाशी फार संबंध नाही.

वास. पाणी न घालता पहिल्यांदा मनुका, मग सुकं अंजीर, अक्रोडाची साल, नवीन पॉलिश केलेल्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जळक्या काडीसारखा गंधकाचा वास होता, त्यानं माझी झोप उडवली होती. शेरीचे कास्क टिकवायला आत गंधक जाळतात, त्यातला आहे की न्यू मेकमधलाच, हे तेव्हा कळत नव्हतं. (तांब्याचा स्वच्छ तुकडा ग्लासात टाकून पाहिला होता, वास बराच कमी झाला होता. तांबं गंधकाला धरतं, ऊर्ध्वपातनाची भांडी तांब्याची असतात त्यामागे हेही कारण आहे.) आज तो वास जवळपास नाही. हे काम भाजलेल्या लाकडानं आणि वेळेनं मिळून केलं.

आणि या सगळ्याच्या खाली, नाक जरा वेळ तसंच ठेवलं की, कच्च्या पिअरचा हिरवा वास आणि ओल्या धान्याचा. म्हणजे ते मूळचं न्यू मेक अजून तिथेच आहे. मला फार बरं वाटलं त्याला भेटून, खोटं नाही सांगत.

पण घोट घेतला आणि गोष्ट स्पष्ट झाली. सुरुवात गोड, दाट, जिभेवर मनुका आणि काळं चॉकलेट, मग मध्ये एकदम पोकळी, काहीच नाही, आणि त्यानंतर तुरटपणा असा येतो की हिरड्या आवळल्यासारख्या होतात, खूप उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर होतात तशा. शेवटी घशात तरुण स्पिरिटचा जाळ. वरून पोक्त, खालून पोरसवदा, आणि दोघांची अजून ओळखच झालेली नाही.

मग २५ मिलीला ८ मिली पाणी घातलं, म्हणजे ४६ टक्क्यांच्या आसपास. वीस मिनिटं तसंच ठेवलं. जाळ गेला, संत्र्याची साल वर आली, व्हॅनिलाही थोडी आली, पण तुरटपणा उलट जास्त उघडा पडला. सहाव्या महिन्याची बाटली उघडून तेवढंच पाणी घालून शेजारी ठेवली आणि तीच मला जास्त आवडली. रंगानं फिकी, पण तोल तिच्यात जास्त होता. हे मान्य करायला मला तीन वेळा दोन्ही ग्लास पुढे-मागे करावे लागले.

हे असं का होतं ते मी आज पुन्हा वहीत मांडून पाहिलं. शेरीचा मोठा कास्क, त्याला बट म्हणतात, साधारण ५०० लिटरचा असतो. माझा १० लिटरचा. आकारमान ५० पट कमी, पण आकार तोच धरला तर दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साडेतीन पटीहून जास्त. म्हणून रंग, टॅनिन (लाकडाचा तुरटपणा), व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास), शेरी सगळं धावत येतं. पण व्हिस्की मुरते म्हणजे फक्त लाकूड उतरत नाही ना, हवा हळूहळू आत येते, आम्लं आणि अल्कोहोल एकमेकांत गुंततात, कडा घासल्या जातात, आणि ही कामं लाकडाच्या वेगानं पळत नाहीत, त्यांना महिने नाही वर्षं लागतात. स्कॉटलंडच्या नियमात ओकमध्ये किमान ३ वर्षं लागतात व्हिस्की म्हणवून घ्यायला, कास्क ७०० लिटरपेक्षा मोठा चालत नाही, पण किती छोटा असावा यावर काही बंधन नाही. म्हणजे छोट्या कास्कलाही तीच ३ वर्षं. माझ्या या कास्कमध्ये ३ वर्षं ठेवली तर नुसतं लाकूडच प्यावं लागेल.

लॅफ्रोएग या स्कॉच कंपनीची क्वार्टर कास्क नावाची व्हिस्की २००४ मध्ये आली, ती आधी बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) नेहमीच्या बॅरलमध्ये मुरते आणि मग शेवटी छोट्या, सव्वाशे लिटरच्या आसपासच्या कास्कमध्ये जाते. आधी वेळ, मग लाकडाचा जोर. मी नेमकं उलटं केलं, जोर आधी दिला आणि वेळ द्यायला जागाच ठेवली नाही. त्यात दर महिन्याचे नमुने आणि उडालेलं धरून आत आता दीड लिटरच्या जवळपास मोकळी जागा झालीय, म्हणजे राहिलेल्या स्पिरिटला लाकूड आणखीच जास्त.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग काचेत भरून ठेव, आहे तशी." काचेत ठेवली तर ती जिथं आहे तिथंच थांबेल, तो तुरटपणा तसाच राहील, आणि ती पिअर खालीच अडकून राहील. मला ते नकोय. दुसरा कास्क आहे माझ्याकडे, २० लिटरचा, दोनदा वापरून झालेला, लाकूड पार दमलेलं, म्हणून कोपऱ्यात पडून आहे. उद्या त्यात हे साडेआठ लिटर ओतणार आणि सोबत १० लिटर कोरं न्यू मेक. रंग निम्म्यावर येईल, मनुका पातळ होतील, आणि नऊ महिने ज्याला मी "माझा शेरी कास्क" म्हणत होते तो प्रकारच राहणार नाही, याचं वाईट वाटतंय, आत्ता लिहितानासुद्धा वाटतंय. पण दमलेलं लाकूड फार काही देत नाही, हवा मात्र येऊ देते, आणि मला आता तेवढंच हवंय.

रिकामा शेरी कास्क सुकू द्यायचा नाही, फळ्या आकसल्या तर गळेल. त्यातही लगेच नवं न्यू मेक भरायचं. दुसऱ्या खेपेला लाकूड सावकाश देईल, त्यामुळे या वेळी सहाव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी चव, पण २५ नाही, १० मिलीच.

२० लिटरच्या कास्कमध्ये कोमट पाणी भरून ठेवलंय, फळ्या फुगायला. मगाशी दोन थेंब गळत होते तळाच्या पट्टीपाशी, आत्ता पाहिलं तर एकच. आजचा ग्लास न धुता टेबलावर ठेवलाय, सकाळी कोरड्या ग्लासाचा वास घ्यायचाय.