पट्टीवरची तारीख आणि साडेपाच तासांचा फरक

मागच्या हंगामात लातूरच्या एका आडत दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे देखभालीला आलं. सोयाबीनची आवक जोरात होती. मुनीमजींची तक्रार एका वाक्याची: "मॅडम, पट्टीवर सौद्याची तारीख एक दिवस मागं येतीय." पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची शेतकऱ्याला मिळणारी पावती. औशाकडच्या एका शेतकऱ्याचा माल मंगळवारी विकला गेला आणि पट्टीवर आली सोमवारची तारीख. दोन दिवसांच्या भावात फरक होता, म्हणून त्या शेतकऱ्याने हटकलं. इतरांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. वजनाची तारीख बरोबर छापली जायची, आणि सोमवारी सौदा होऊन मंगळवारी माप झालं यात कुणाला वावगं वाटणार?

डेटाबेस उघडला. सौद्याच्या रकान्यात होतं: २०२५-११-१०टी१८:३०:००झेड. ही तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची मांडणी, १९८८ पासूनची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे नुसत्या अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी नोंदी तारखेप्रमाणे लागतात. 'टी'च्या पुढे वेळ, आणि शेवटचा 'झेड' सांगतो की ही वेळ यूटीसी, म्हणजे जगभर आधाराला धरली जाणारी प्रमाणवेळ, आहे. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १० तारखेच्या संध्याकाळच्या साडेसहात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे बारा वाजतात, ११ तारीख लागते.

तिथेच उलगडा झाला. मुनीमजी कॅलेंडरवर ११ निवडत. ब्राउझर त्याचा अर्थ आपल्याकडच्या ११ तारखेचे रात्रीचे बारा असा घेई आणि साठवताना यूटीसीत बदली. छापताना जुना कोड पहिली दहा अक्षरं कापून घेई. झाली १० तारीख! वजनाची नोंद ०६:१० झेडची, म्हणजे सकाळी ११:४० ची. तिथे तारीख बदलत नाही, म्हणून ती बरोबर.

काहींनी सुचवलं, छापताना साडेपाच तास मिळवून टाका. मला ते अजिबात पटलं नाही. जिथे संगणकाने ते आधीच मिळवलेत तिथे ते दोनदा मिळतील आणि ११:४० चं माप संध्याकाळी ५:१० ला झालेलं दिसेल. सौदा हा दिवस आहे, वजन हा क्षण आहे. सौदा आता नुसता २०२५-११-११ असा साठवला जातो, वेळेशिवाय. वजन यूटीसीतच राहतं, आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' हा वेळपट्टा स्पष्ट सांगितला जातो. जुन्या नोंदींची पूर्ण वेळ शाबूत होती, त्यामुळे त्या सगळ्या दुरुस्त करता आल्या. याचं मला फार समाधान आहे.

मग अक्षरी तारीख. पूर्वी पट्टीवर १०/११/२५ असं यायचं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'इंटल' नावाची सोय आहे, तारखा आणि आकडे वेगवेगळ्या भाषांत मांडून देणारी. तिला मराठी भाषा सांगितली की महिना, वार आणि देवनागरी आकडे तीच देते. महिन्यांची नावं हाताने लिहीत बसावं लागत नाही. वार मी आग्रहाने घातला, कारण गावाकडे माल 'मंगळवारचा' म्हणूनच लक्षात राहतो. आता छापून येतं: मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. दुकानातल्या पावतीच्या प्रिंटरला देवनागरी येत नव्हतं, 'व्हें'च्या जागी चौकोन उमटत. शेवटी पूर्ण ओळ चित्र म्हणून पाठवली.

मालकांना तिथीही हवी होती. 'इंटल'मध्ये भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका आहे, तिने ११ नोव्हेंबरला २० कार्तिक १९४७ दाखवलं. पण ती सौर आहे, तिच्यात तिथी नाही. येळवशीला इथे सगळे शेतात असतात, ती मार्गशीर्ष अमावस्या तिच्यातून निघत नाही. म्हणून तिथीचा वेगळा तक्ता ठेवला आहे. दरवर्षी पंचांग बघून मी तो भरते आणि मुनीमजी तपासतात.